आठ बाय दहातली ताई

"माझ्या दाजींचं डोकं कुठाय?"

मास्तरांनी लिफाफा स्टुडिओच्या काउंटरवर आपटला आणि त्यातले फोटो पत्त्यांसारखे पसरले. स्टुडिओवाल्या बाई संगणकावर कुणा नवरदेवाच्या गालावरचे मुरूम एकेक करून पुसत होत्या. त्यांनी हातातला मुरूम पूर्ण पुसून घेतला आणि मगच मान वर केली.

"कुणाचं डोकं, काका?"

"दाजींचं! माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं! हे बघा. हा कोट त्यांचा, मीच शिवलाय. ही कॉलर, ही हनुवटी, हे नाक. आणि नाकाच्या वर कागद खलास! खाली बसलेल्या पोरांना पावलं नाहीत ते वेगळंच."

बाईंनी फोटो उजेडात धरून पाहिला. त्यांना त्यात काहीच नवल वाटले नाही, आणि तेच मास्तरांना जास्त झोंबले.

"तुमचा फोटो फोनवरचा आहे ना, काका. तो जरा उंच असतो. चार बाय सहाचा कागद लांबट. रुंदी बरोबर बसवली की वरचं आणि खालचं थोडं जातं."

"जातं म्हणजे? कुठं जातं?"

"कापलं जातं."

"कोण कापतं?"

"मशीन."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते बाजारपेठेतले जुने शिंपी. त्यांना नावाने हाक मारणारे आता फारसे कुणी उरले नव्हते. कोट शिवायचा तर मास्तरांकडे, एवढे सगळ्यांना ठाऊक होते. कापडाला कात्री लावण्याआधी ते माप दोनदा घेत, खडूची रेघ पुसून पुन्हा मारत आणि तरीही क्षणभर श्वास रोखून धरत. अशा माणसासमोर 'कापलं जातं' हे शब्द कुणी इतक्या थंडपणे उच्चारले नव्हते.

"बाई, उद्या तुम्ही माझ्याकडे कापड टाकलंत आणि मी सांगितलं, माझं टेबल जरा लांबट होतं म्हणून तुमची एक बाही गेली, तर चालेल तुम्हाला?"

"मी विचारलं होतं तुम्हाला. म्हटलं, कडा थोड्या कापल्या जातील, चालेल ना? तर तुम्ही म्हणालात, चालेल चालेल, हात उचला जरा."

हे अगदी खरे होते. त्यामुळे मास्तर आणखी भडकले.

"कडा म्हणालात! डोकं म्हणाला नव्हतात! दाजींचं डोकं ही काय कड आहे?"

आता, एका दाजींच्या अर्ध्या डोक्यासाठी मास्तरांनी भर बाजारात आवाज का चढवावा, हे सांगायला हवे. प्रश्न दाजींचा नव्हताच. दाजी स्वभावाने गरीब. डोके नसलेला फोटो पाहूनही ते म्हणाले असते, कोट छान दिसतोय. प्रश्न होता ताईचा.

मास्तरांच्या लग्नात सगळ्या घराचा मिळून एक फोटो काढला होता. त्या फोटोत सगळे आले. लांबचे आले, जवळचे आले, मागे मंडपाची दोरी सोडत असलेला एक अनोळखी माणूससुद्धा डोक्यापासून पायापर्यंत आला. नवरदेवाची सख्खी थोरली बहीण मात्र आली नाही. तिचे आले ते फक्त कोपर. कमरेवर हात ठेवून ती कडेला उभी होती. उजव्या कडेतून ते कोपर आत घुसले होते आणि बाकीची ताई कागदाबाहेर राहिली होती. त्यातही, अल्बम सगळ्यांत फिरला तेव्हा कुणीतरी विचारले, "हे कोपर कोणाचं?" आणि एक मावशी म्हणाली, "शेजारणीचं असेल."

ताई तेव्हा तिथेच बसली होती.

त्या दिवसापासून ती माहेरी मुक्कामाला राहिली नाही. यायची, आईला भेटायची, खुर्चीच्या टोकाला पर्स मांडीवर घेऊन बसायची आणि अर्ध्या तासात उठायची. थांब म्हटले की म्हणायची, "कोपराला लागते तेवढी जागा मिळाली की, बस." फोटो काढायला कुणी उभे राहिले की ती आपण होऊन बाजूला व्हायची. मास्तर कधी चिडत, कधी विनवत, कधी महिनोन्महिने तोंड फिरवून बसत. पण चूक ना त्यांची होती ना तिची, त्यामुळे माफी कुणी कुणाची मागायची हेच ठरत नव्हते.

आता आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन ठरले होते. मोतीबिंदू पिकला होता आणि आईने एकच हट्ट धरला होता, "पट्टी सुटेपर्यंत मला माझी लेक उशाशी हवी. नाहीतर मला डोळेच नकोत." आईच्या वाढदिवसाला सगळे जमले असताना तिने ताईचा हात धरून ठेवला आणि फोटोला उभे केले. ताई उभी राहिली, पण जाताना भावाला बाजूला घेऊन म्हणाली, "बारक्या, ह्या खेपेला मला न कापता भिंतीवर लाव. मी पुढच्या रविवारी बघायला येते. अख्खी असेन तर ऑपरेशनला येईन राहायला. नाहीतर आईला सांग, नर्स ठेव."

साठीच्या माणसाला बारक्या म्हणणारी ताई ही जगात एकटीच उरली होती. ही एकटीसुद्धा गेली असती तर मास्तरांचे काय झाले असते, हे त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते.

म्हणून तर फोटो त्यांनी कुणावर सोपवला नव्हता. फोन कापडाच्या टेबलावर दोऱ्याच्या रिळांना टेकवून उभा केला, टायमर लावला आणि सगळ्यांना उभे करायचे काम स्वतः घेतले. तेही धंद्याच्या सवयीने. कापडावर कागदी नमुने मांडताना मास्तर दोन तुकड्यांत बोटभर जागा वाया जाऊ देत नसत. फोनच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना रिकामी भिंत दिसली तेव्हा त्यांचा जीव कळवळला.

"एवढी भिंत कशाला हवी? भिंतीचा फोटो काढायचाय का? पसरा!"

मंडळी पसरली. मास्तरांनी फोन आणखी पुढे घेतला. डोक्यावरची जागा गेली, पायाखालची गेली. दाजींचे टक्कल वरच्या कडेला टेकले, पोरांची पावले खालच्या कडेला. मधल्या खुर्चीत आई. उजव्या टोकाला ताई, कारण ती म्हणाली, "मी कडेलाच बरी, निघायला सोपं पडतं." तिने कमरेवर हात ठेवला. डाव्या टोकाला एका माणसापुरती फट राहिली होती, तिथे मास्तर धावत जाऊन जेमतेम मावले. फोटो असा ठासून भरला की सुईला जागा उरली नाही. मास्तर खूश झाले. एक दोराही वाया गेला नव्हता.

त्या खुशीवर आता चार बाय सहाच्या मशीनने कात्री चालवली होती.

"हे चार बाय सहा राहू द्या," मास्तर धुमसत म्हणाले. "भिंतीवरचा फोटो आठ बाय दहाचाच करायचाय. फ्रेम तयार आहे."

"फोटोआधी फ्रेम?" बाईंनी विचारले.

"का? काही बंदी आहे?"

बंदी नव्हती, पण शहाणपणही नव्हते. मास्तरांच्या वडिलांचे कापायचे टेबल वाळवीने खाल्ले होते आणि त्यातली एकच फळी धड राहिली होती. त्या फळीवर मास्तर कात्री धरायला शिकले होते, आणि त्याच फळीखाली बसून ताईने चिंध्यांच्या बाहुल्या केल्या होत्या. ती सुताराकडे नेऊन मास्तरांनी फ्रेम करून घेतली. "आठ बाय दहा करतो, मास्तर. स्टँडर्ड साइज आहे. कुठलाही फोटो बसतो," असे सुतार छातीठोकपणे म्हणाला. गिऱ्हाइकाचे माप घ्यायच्या आधी कोट शिवून ठेवणारा शिंपी मास्तरांनी पाहिला असता तर त्याला दुकानात उभे केले नसते.

बाईंनी फोटो पडद्यावर मोठा केला आणि जीभ चावली. "हा घरच्या ग्रुपवरून आलेला आहे का? मोठ्या साइजला फाटेल."

"फाटेल? फाटायला तो काय मांजरपाट आहे?"

"म्हणजे चेहरे पुसट येतील. ज्या फोनमधून काढला त्यातला मूळ फोटो द्या."

मूळ फोटो मास्तरांच्याच खिशात होता. तरीही तो लेकीने ग्रुपवर टाकलेलाच का दिला, यावर ते घरी जाऊन लेकीला बोलणार होते. लेकीचा काहीच दोष नव्हता, पण कुणाला तरी बोलणे भाग होते.

दुसऱ्या दिवशी आठ बाय दहाचा फोटो आला. दाजींचे टक्कल अख्खे, वर नखभर भिंतसुद्धा. पोरांची पावले बुटांसकट हजर. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी दुकानातून बाहेर पडतापडता बाईंना "आता कसं माणसात आलात" असे सुनावलेसुद्धा. घरी पोहोचताच फोटो आधी आईच्या हातात दिला.

आईने तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, बोटांनी चाचपला. "छान आलाय हो," ती म्हणाली. डोके नसलेल्या दाजींचा फोटो पाहूनही ती हेच म्हणाली होती.

मग फोटो बायकोने घेतला. तिने तो उजेडात धरला आणि कडेवरून बोट फिरवले. इतक्या वर्षांच्या संसारात हे बोट कशासाठी फिरते हे मास्तरांना कळत होते.

"काय झालं?"

"दाजी अख्खे आलेत."

"मग?"

"वन्सं अर्ध्या आल्यात."

"अर्ध्या म्हणजे?"

"एक डोळा आहे. नाक निम्मं आहे. आणि कोपर आहे." मग तिची नजर डावीकडे सरकली. "तुम्हीही निम्मेच आहात, पण ते जाऊ द्या."

मास्तरांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. कडेला ताई खरोखरच मधून चिरल्यासारखी उभी होती. उरलेल्या एका डोळ्याने ती थेट मास्तरांकडे बघत होती, आणि त्या डोळ्यात त्यांना सगळी वर्षे दिसली.

"ही बाई मुद्दाम करतेय!" ते ओरडले. "काल डोकं कापलं, आज बहीण कापली! उद्या आईला कापेल!"

"बाबा, कागदाचं माप आहे ते," लेक म्हणाली. "चार बाय सहाचा कागद लांबट, म्हणून वर-खाली गेलं. आठ बाय दहा जरा चौरस, म्हणून कडा गेल्या."

"मग तिसरा कागद नाही का, ज्यात कुणीच जात नाही?"

"पाच बाय सातात दाजींचं फक्त टक्कल जाईल."

"फक्त!" मास्तर म्हणाले. "आणि तो फ्रेममध्ये बसणार कसा?"

पाच बाय सातही बाद झाले. जगात ज्याने कुणी ही मापे ठरवली त्याला एकदा दुकानात बोलावून घ्यावे आणि त्याची विजार घोट्याच्या वर शिवावी असे मास्तरांना वाटले. कापडाच्या धंद्यात माणूस बघून माप ठरते. इथे माप बघून माणूस ठरत होता.

लेकीने फोनवर एक नवाच उपाय शोधला. तिच्या फोनमध्ये म्हणे अशी सोय होती की फोटोला वर-खाली आणखी भिंत आणि आणखी फरशी फोन आपोआप जोडून देई. मग फोटो आठ बाय दहात चपखल बसे आणि कुणी कापले जात नसे. मास्तर तिच्या खांद्यावरून बघत राहिले. फोनने खरोखरच भिंत वाढवली, फरशीही वाढवली. शिवाय फोनने स्वतःच्या मनाने दोन गोष्टी केल्या. पुढे बसलेल्या धाकट्या भाच्याला तिसरा पाय दिला, आणि दाजींच्या टकलावर दाट काळे केस उगवले, मधोमध भांगासकट.

बायकोला हसू आवरेना. "दाजींना आवडेल हो."

"आवडेल? ताईला वाटेल आपण तिच्या नवऱ्याच्या टकलाची थट्टा केली! एका कोपरावर तिनं इतकी वर्षं काढली, टकलावर किती काढेल?"

"मग पुन्हा काढू ना फोटो," लेक म्हणाली.

"आणि सांगू काय तिला? की पहिल्या फोटोत तू कापली गेलीस? आणि सगळे आपापल्या गावी गेले, त्यांना काय पुन्हा वाढदिवस सांगू?"

आई कॉटवरून म्हणाली, "कोण कापलं गेलं?"

"कुणी नाही, आई. कापडाबद्दल बोलतोय."

शनिवारी मास्तर पुन्हा स्टुडिओत गेले. बाईंनी त्यांना दारात पाहिले आणि हातातले काम न सांगताच बाजूला ठेवले. एव्हाना मास्तरांच्या आवाजातली धार बोथट झाली होती, आणि बाईंना ते लक्षात आले असावे. त्यांनी फोटो पडद्यावर उघडला आणि त्यांच्याकडे वळवला.

"काका, एक विचारू? फोटो काढताना चारी बाजूंनी थोडी जागा सोडायची असते. मागाहून कुठल्याही मापाला कापता येतो मग. यांना इतकं कडेला चिकटवून कुणी उभं केलं?"

मास्तरांनी सदऱ्याची शिवण बोटांनी चाचपली. आपण शिवलेल्या प्रत्येक कोटाच्या शिवणीत ते दोन बोटे माया सोडत आले होते, गिऱ्हाईक जाड झाले तर उसवून वाढवता यावे म्हणून. माया न सोडणाऱ्या शिंप्याला ते शिंपीच मानत नसत.

"होता एक," ते म्हणाले. "अडाणी."

"बरं. मग एक सोपा उपाय आहे. अख्खा फोटो ठेवते आणि वर-खाली पांढरी पट्टी सोडते. कुणीच कापलं जाणार नाही."

"पांढरी पट्टी? म्हणजे ठिगळ?"

"पट्टी, काका. बरेच लोक घेतात."

"घेत असतील. माझ्या हातून ठिगळ लावलेला कपडा आजवर कुणाच्या अंगावर चढला नाही. वडिलांच्या लाकडात, आईच्या भिंतीवर, ठिगळ? कापड कमी पडलं ते सगळ्या जगाला दाखवायचं?"

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग शेवटचं सांगते. आत्ता दोन्ही कडांनी सारखं कापलंय. ते सगळं एकाच कडेनं कापता येईल. उजवीकडून काहीच नाही काढलं तर तुमच्या ताई अख्ख्या येतील. पण मग डावीकडचं दुप्पट जाईल. डावीकडं हे जे गृहस्थ आहेत ना, ते पूर्ण..." त्या थांबल्या. पडद्यावरच्या धापा टाकणाऱ्या, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसाकडे त्यांनी पाहिले, मग काउंटरसमोर तसेच उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिले. "अहो, हे तर तुम्हीच."

मास्तरांनी चष्मा पुसून पडद्यावरच्या त्या माणसाकडे पाहिले. त्यांना वाईट वाटत होते, हे कबूल केले पाहिजे. फोटोत त्यांनी नवा कोट घातला होता. स्वतःसाठी शिवलेला तो कैक वर्षांतला पहिला कोट, आणि त्याची कॉलर फार सुरेख बसली होती.

"कापा," ते म्हणाले.

बाईंनी हळूच चौकट सरकवली. "कोपर राहतंय थोडं, काका. तेही काढू?"

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "तेवढंच."

रविवारी ताई आली. दारातच तिने चप्पल काढली, पण पर्स खांद्यावरच ठेवली. बायकोने पाणी दिले, ते तिने घेतले नाही. भिंतीवरच्या फ्रेमसमोर ती उभी राहिली. मास्तर मागे उभे राहून एकदा तिच्या पाठीकडे आणि एकदा फोटोतल्या तिच्याकडे बघत होते. फोटोतली ताई अख्खी होती. दोन डोळे, संपूर्ण नाक, दोन्ही खांदे आणि कमरेवरचा तो हात, त्याच्या कोपरासकट. दाजींचे टक्कल चकाकत होते.

"हे लाकूड बाबांच्या टेबलाचं ना?" ताईने विचारले.

"हो."

"वासावरून ओळखलं." ती आणखी पुढे झाली. तिची नजर उजवीकडून डावीकडे सरकत गेली. आई, दाजी, पोरे, भावजय. मग अगदी टोकाला येऊन थांबली.

"हे कोपर कोणाचं?"

बायको पाण्याचा पेला घेऊन आत सटकली.

"बारक्या, मी विचारतेय, हे कोपर कोणाचं?"

"माझं," मास्तर म्हणाले.

"आणि बाकीचा तू?"

"मावलो नाही."

ताईचा चेहरा लाल होत गेला. मास्तरांना तो लाल रंग ओळखीचा होता, फक्त आजवर तो त्यांच्यावर आलेला असे. तिने फ्रेम खिळ्यावरून उतरवली आणि काखेत मारली. "कुठाय तो स्टुडिओ?"

"ताई, अगं, ऐक तरी..."

"चप्पल घाल!"

रस्ताभर मास्तर मागे आणि ताई पुढे. स्टुडिओत शिरताच तिने फ्रेम काउंटरवर अशी आपटली की बाईंनी न बघताच ओळखले, हे घराणे कोणते.

"माझा भाऊ कुठाय?"

"कोणता भाऊ, मावशी?"

"हा! ह्या फोटोतला! माझ्या आईला मुलगा एकच आहे, आणि त्याचं तुम्ही कोपर ठेवलंत? कोपर म्हणजे काय असतं माहितीये तुम्हाला? माझ्या आईला ह्या महिन्यात नवे डोळे मिळणारेत, ते काय कोपर बघायला?"

"ताई, त्यांची चूक नाही," मास्तर मध्ये पडले. "कागदाचं माप असतं. आपला फोटो लांबट, आठ बाय दहा जरा चौरस, म्हणून कडा..."

"तू गप्प बैस! तुला काय कळतंय मापातलं?"

चाळीस वर्षे टेप गळ्यात घालून फिरलेले मास्तर गप्प बसले.

"मावशी," बाई अजिजीने म्हणाल्या, "मी म्हटलं होतं यांना. वर-खाली पांढरी पट्टी सोडली असती तर सगळे आले असते. यांनीच नको म्हटलं."

"पांढरी पट्टी?" ताईने मास्तरांकडे पाहिले, मग बाईंकडे. "म्हणजे ठिगळ? आमच्या घरात? बाबांच्या लाकडात?"

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि पुन्हा कुणाच्या तरी मुरमांकडे वळल्या. "तुम्ही सख्खे ना? नाही, विचारायची गरज नव्हती म्हणा."

परत येतानाही ताईच पुढे चालत होती. फ्रेम तिच्याच काखेत होती. दुकानाच्या कोपऱ्यावर ती थांबली.

"तू म्हणालास ना तिला? मला ठेव आणि तुला काप?"

"कुणाला तरी कापणं भाग होतं."

"मूर्ख आहेस," ताई म्हणाली आणि डोळे पुसून पुन्हा रागावली. "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी येते मी. पट्टी सुटेपर्यंत राहीन, मग पुढंही राहीन चार दिवस. तुला एकट्याला सोडलं तर काय काय कापून घेशील, भरवसा नाही."

ती आली. मोठी बॅग घेऊन आली, आणि बॅगेत तिने इतकी वर्षे जपून ठेवलेला लग्नातला तो फोटोही होता. राग टिकवायचा तर पुरावा हाताशी लागतो. तो तिने स्वतः खिळा ठोकून नव्या फ्रेमच्या डाव्या बाजूला टांगला. "असू दे," ती म्हणाली, "म्हणजे हिशेब कळेल बघणाऱ्याला."

आईच्या डोळ्यांची पट्टी सुटली. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता, पण घरात शिरताच तिने तो काढला आणि सगळे ओरडत असताना भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. एका बाजूला ताई, एका बाजूला मास्तर, दोघेही कमरेवर हात ठेवून. आता ती म्हणेल, छान आलाय हो, याची सगळे वाट बघत होते. ती म्हणाली नाही. आईने पहिल्यांदाच फोटो खरोखर पाहिला.

"हे कोपर?" तिने जुन्या फोटोच्या उजव्या कडेवर बोट ठेवले.

"माझं," ताई म्हणाली.

"आणि हे?" बोट नव्या फोटोच्या डाव्या कडेवर सरकले.

"माझं," मास्तर म्हणाले.

आईने दोन्ही कोपरे पुन्हा पाहिली. एक इकडून आत आलेले, एक तिकडून, आणि मध्ये दोन फ्रेमांमधली तेवढीशी कोरी भिंत.

"म्हणजे तुम्ही दोघं इथं उभे आहात," ती त्या कोऱ्या भिंतीवर हात फिरवत म्हणाली. "शेजारीशेजारी. मग भांडण कशाचं होतं रे?"

ताईने पर्स शोधली, पण ती खांद्यावर नव्हती. ती आत कपाटात ठेवलेली होती.

मास्तरांनी मात्र खिशातून टेप काढली, दोन फ्रेमांमधले अंतर मोजले आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग ते हातोडी घेऊन आले, नव्या फोटोचा खिळा उपसला आणि फ्रेम उजवीकडे सरकवून पुन्हा ठोकू लागले.

"आता काय बिघडलं?" बायकोने विचारले.

"दोन माणसं उभी आहेत," मास्तर चिडून म्हणाले. "जरा जागा नको का सोडायला?"